जुनी ब्रिटिश लाइटवेट सायकल ओळखणे आणि दुरुस्त करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या विलायती सायकलींबद्दल सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून किचकटाकडे आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘फोटो पाठवतो, किंमत सांगा’ या प्रश्नाचं उत्तर मात्र इथे मिळणार नाही. सायकल कोणती आहे हे ठरल्याशिवाय किमतीला अर्थ नसतो, आणि ते ठरवायला फोटोपेक्षा ओलं फडकं आणि व्हर्निअर जास्त कामाला येतात.

१. लाइटवेट म्हणजे नेमकी कुठली सायकल?

इंग्लंडमधल्या क्लबच्या सायकलस्वारांसाठी हलक्या पोलादी नळ्यांतून, बहुतेक वेळा छोट्या कारखान्यात हाताने बांधलेली सायकल. काळ साधारण १९२० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंतचा. आपल्याकडची काळी, उभ्या बसणीची सायकल म्हणजे रोडस्टर. ती सहज १८-२० किलो भरते. लाइटवेट १० ते १२ किलोंत आटोपते.

ही सायकल फक्त शर्यतीची होती असं समजू नका. गिरणीत किंवा कचेरीत काम करणाऱ्या माणसाला दोन सायकली परवडत नसत. आठवडाभर याच सायकलवर कामाला जायचं, रविवारी क्लबबरोबर लांब फिरायचं आणि मोसमात पहाटे उठून टाइम ट्रायल (एकेकट्याने सुटून घड्याळाशी शर्यत) करायची. शर्यतीची हलकी चाकं पुढच्या ॲक्सलला लावलेल्या दोन पट्ट्यांवर बांधून न्यायची, जागेवर पोचून बदलायची, शर्यत संपली की पुन्हा जाड टायर लावून घरी. म्हणून रेसिंगच्या फ्रेमवरही मडगार्डसाठी भोकं आणि दिव्याचा ब्रॅकेट सापडतो. त्यावरून ‘ही साधी टूरिंग दिसते’ असा निकाल देऊ नका.

खुल्या रस्त्यावर सगळ्यांनी एकत्र सुटायची शर्यत तिथल्या नॅशनल सायकलिस्ट्स युनियनला मंजूर नव्हती. पर्सी स्टॅलर्ड यांनी १९४२ मध्ये लँगॉलन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी शर्यत घेतलीच, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायकलिस्ट्स उभी राहिली. पुढच्या दशकात फ्रेंच-इटालियन घाटाच्या, डिरेलर गिअरच्या (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या) फ्रेम वाढत गेल्या. वर्षाचा अंदाज बांधताना हा बदल लक्षात ठेवावा.

२. आजोबांची ‘रॅले’ आहे, बिल्ला इंग्लंडचा आहे. ती लाइटवेट का?

बहुतेक नाही. रॉडचे ब्रेक, २८ × १ १/२ ची चाकं, पूर्ण चेनकव्हर आणि मागे जड कॅरिअर असेल तर ती रोडस्टर. बिल्ल्यावरची बारीक अक्षरंही वाचा. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला आणि मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सचा. तिथून हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए ही इंग्लिश नावं बाहेर पडली. नाव विलायती, सायकल इथली. त्यात कमीपणा काही नाही. असल्या सायकलींनी निम्मा महाराष्ट्र शाळेत आणि शेतावर नेला आहे, आणि त्या जपायलाच हव्यात. रोडस्टरचे किती प्रकार असतात ते बघायचं असेल तर पुण्यात कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल म्युझियम बघून या.

स्पोकच्या संख्येवरून मात्र फसू नका. पुढे ३२, मागे ४० ही जुनी ब्रिटिश पद्धत आपल्या रोडस्टरलाही आहे आणि त्यांच्या लाइटवेटलाही होती.

३. सायकल घरी आणली. पहिलं काम काय?

काहीही चकाकवायला जाऊ नका. आधी दोन्ही बाजूंनी, वरून, बीबीखालून (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलचा आस जिथे फिरतो ती फ्रेमची खालची नळी), प्रत्येक जोडाचे जवळून फोटो काढा. मग साध्या साबणाच्या पाण्यात पिळलेलं मऊ फडकं फिरवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर आणि पॉलिश पेपर रंगापासून लांब ठेवा: जुनी चिन्हं आणि अक्षरं पातळ वॉर्निशवर चिकटवलेली असतात, रॉकेलच्या एका हाताबरोबर कायमची जातात.

गंजलेला नट, वाकडा स्पोक, तुटलेली क्लिप, सगळं नाव लिहून पिशवीत ठेवा. नवीन घेताना आटे मोजायला जुना नमुनाच लागतो.

४. फ्रेम नंबर कुठे असतो? त्यावरून वर्ष कळतं का?

आधी बीबीच्या खाली बघा. मग सीटच्या नळीचं वरचं टोक, मागच्या चाकाचे फोर्कएंड (ॲक्सल बसतो ती खाचेची टोकं). बऱ्याच बिल्डरांनी, म्हणजे फ्रेम बांधणाऱ्या कारागिरांनी, तोच नंबर पुढच्या चिमट्याच्या (फोर्कच्या) दांड्यावरही ठोकला आहे. तो बघायला चिमटा बाहेर काढावा लागतो. दोन्ही नंबर जुळले तर फ्रेम आणि चिमटा जन्मापासून एकत्र आहेत. रंगाच्या थराखाली नंबर दबला असेल तर वर कागद धरून पेन्सिलीची शिस तिरकी घासा, आकडे उमटतात.

वर्ष कळेलच असं नाही. काहींच्या नंबरात वर्ष दडलेलं असतं, काहींचा सरळ अनुक्रम असतो, काहींच्या वह्याच शिल्लक नाहीत. इंग्लंडमधल्या व्हेटरन-सायकल क्लबमध्ये (स्थापना १९५५) एकेका बिल्डरचा अभ्यास करणारे सभासद आहेत. त्यांना नंबर, आटे, मापं आणि फोटो असं सगळं एकदम पाठवा. नुसता नंबर पाठवला की उलट टपाली दहा प्रश्न येतात.

५. फ्रेमवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ चा स्टिकर आहे. म्हणजे खरी ना?

स्टिकर आजही नवा विकत मिळतो, त्यामुळे एकट्या स्टिकरवर विसंबू नका. ५३१ ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये बाजारात आणली. नळीच्या टोकांना जोडाजवळ पत्रा जाड आणि मधे पातळ ठेवायची युक्ती त्याही आधीची, १८९७ च्या पेटंटातली. अशा नळीला बटेड म्हणतात.

आता स्टिकरवरचा मजकूर शब्दशः वाचा. ‘बटेड ट्यूब्ज, फोर्क्स अँड स्टेज’ असं असेल तर पूर्ण फ्रेम ५३१ ची. फक्त तीन मुख्य नळ्यांचा उल्लेख असेल तर मागचा त्रिकोण आणि चिमटा साध्या पोलादाचा. ५३१सी, ५३१एसटी असे उपप्रकार दिसले तर ती १९८० च्या दशकातली.

स्टिकर नसेल तर सीटपिन काढून तिचा व्यास मोजा. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी असतो. आत २७.२ ची पिन नीट बसत असेल तर नळीचा पत्रा पातळ आहे, म्हणजे माल चांगला. २६.४ च्या आसपास असेल तर पत्रा जाड. सध्याची पिन कुणीतरी चुकीची घातलेली असू शकते, म्हणून नळीचं तोंडही आतून मोजा. आणि ५३१ नसली म्हणजे टाकाऊ असंही नाही. ॲकल्स अँड पॉलकची ‘क्रोमो’ नळीही त्या काळी नावाजलेली होती.

६. बिल्ला नाही, नाव नाही, वर घराचा ऑइलपेंट फासलेला. बिल्डर कसा ओळखू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यातच खरी मजा आहे. रंग जातो, बिल्ला जातो, सुटे भाग बदलतात. जोड आणि टोकं मात्र तीच राहतात, तिथेच बघायचं.

जोडावरची खोबण, म्हणजे लग, बघा. तिची कड कानशीने घासून कागदासारखी पातळ केली आहे का, की ओतीव जाडी तशीच सोडली आहे? नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी आहे का? नेर्व्हेक्स प्रोफेशनल हे नक्षीदार फ्रेंच लग दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक ब्रिटिश बिल्डरांनी वापरले, त्यामुळे त्यावरून एकच नाव निघत नाही. स्वतः कापलेली नक्षी असेल तर निघू शकतं. लग अजिबातच नसतील आणि नळ्या पितळाच्या गुळगुळीत गोलाईने जोडलेल्या असतील तर ती वेल्डिंग केलेली हलक्या प्रतीची सायकल समजू नका. युद्धानंतरच्या टंचाईत बऱ्याच चांगल्या फ्रेम अशा बिनलगच्या बांधल्या गेल्या. क्लॉड बटलरने तर नळीवर आधी नक्षीची पत्र्याची बाही चढवून मग पितळाची गोलाई भरायची पद्धत काढली.

मग मागच्या चाकाची टोकं. खाच मागच्या बाजूला उघडत असेल तर सायकल फिक्स्ड व्हील (चाकाबरोबर पायडल फिरतच राहतं अशी) किंवा हब गिअरची (गिअर मागच्या हबच्या आत असलेली). पुढे किंवा खाली उघडत असेल तर बहुधा डिरेलरचा विचार करून बांधलेली. टोकांवर ब्रॅम्प्टन, चेटर-ली, सिम्प्लेक्स, कॅम्पॅग्नोलो अशी अक्षरं ठोकलेली असतात. रंग हलकेच खरवडला की दिसतात. चिमट्याचा पाय वरच्या टोकाला इंग्रजी ‘डी’ सारखा चपटा असेल तर फ्रेम जुनी, म्हणजे युद्धाच्या आगेमागे. पाण्याच्या बाटलीसाठी खालच्या नळीवर झाळलेले आटे असतील तर एक तर १९७० नंतरची, किंवा नंतर कुणीतरी बसवलेले. १९५० च्या दशकात बाटली हँडलवर असायची.

काही फ्रेम लांबूनच ओळखू येतात. मागच्या नळ्या सापासारख्या वळलेल्या असतील तर टॉटनहॅमची हेचिन्स. चिमट्याचे पाय उलटसुलट दोन वळणांचे आणि नळ्या मधे फुगीर असतील तर लंडनची बेट्स. सीटची नळी जवळजवळ उभी आणि मागचं चाक तिला चिकटलेलं असेल तर ब्रॅडफर्डच्या बेन्स बंधूंची ‘फ्लाइंग गेट’. नेहमीच्या दोन नळ्यांऐवजी मधून एक जाड नळी असेल तर ‘पॅरिस’ची गॅलिबिए, जी पॅरिसची नसून लंडनच्या हॅरी रेन्श यांची. हौशी स्पर्धकाने कंपनीची जाहिरात करायची नाही असा नियम होता, तेव्हा वर्तमानपत्रातल्या फोटोत नाव दिसलं नाही तरी आकारावरून सायकल ओळखू यावी म्हणून हे चाळे केले, असं सांगतात. चालवताना धक्के कमी बसतात हा त्यांचा दावा मला फारसा पटलेला नाही. दिसतात मात्र देखण्या.

या यादीत तुमची फ्रेम बसली नाही तर नाउमेद होऊ नका. इंग्लंडच्या गावोगावी सायकलचं दुकान चालवणारे आणि मागच्या खोलीत फ्रेम बांधणारे किंवा दुसऱ्याकडून बांधून आपलं नाव लावणारे होते. अशा फ्रेमला शेवटपर्यंत नाव मिळत नाही, आणि चालवायला तिचं काही अडत नाही.

७. सुट्या भागांवरून वर्ष काढता येतं का?

त्या भागाचं वर्ष निघतं, सायकलचं नाही. पण सगळे भाग एकाच सुमाराचे निघाले तर अंदाज पक्का होतो.

सर्वांत सोपा पुरावा स्टर्मी-आर्चर हबचा. तीन गिअरचा एडब्ल्यू हब १९३६ मध्ये आला. युद्धापूर्वीच्या हबवर एडब्ल्यूच्या जवळ वर्षाचा एकच आकडा असतो, म्हणजे ८ असेल तर १९३८. नंतरच्या हबवर वर्षाचे दोन आकडे आणि पुढे महिना. विल्यम्सच्या क्रँकवर मागच्या बाजूला वर्षाची सांकेतिक अक्षरं असतात. कॅम्पॅग्नोलोच्या जुन्या हबच्या लॉकनटवर ‘कॅम’ आणि वर्ष ठोकलेलं सापडतं. हँडल, स्टेम किंवा ब्रेकवर ‘हिड्युमिनिअम’ असं लिहिलेलं असेल तर तो विमानाच्या इंजिनांसाठी निघालेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. देखणा आहे, पण हँडल स्टेममध्ये जिथे आवळलं जातं तिथे केसासारखी चीर नाही ना, हे भिंगातून बघितल्याशिवाय त्यावर भार टाकू नका.

८. नाव क्लॉड बटलर आहे, तरी लोक ‘ही ती नव्हे’ म्हणतात. असं का?

कारण नावं विकली गेली. क्लॉड बटलर यांनी १९२८ मध्ये लंडनला दुकान काढलं, १९५७ च्या सुमारास धंदा बुडाला आणि नाव होल्ड्सवर्थने घेतलं. पुढे ते फाल्कनकडे गेलं. तिन्ही काळांत सायकली निघाल्या, बांधणारे हात वेगळे. रॅलेने हंबर १९३२ मध्ये, रज १९४३ मध्ये, बीएसएच्या सायकली १९५७ मध्ये आणि कार्लटन १९६० मध्ये आपल्यात घेतली. त्यामुळे बिल्ला काय सांगतो त्याआधी प्रश्न ६ प्रमाणे फ्रेम काय सांगते ते बघा. १९६० नंतरची बीएसए नॉटिंगहॅमच्या रॅलेची बहीण आहे, आणि तिचे आटेही तसेच असू शकतात (प्रश्न १३).

‘रेग हॅरिस’ यांच्या नावाची रॅले म्हणजे त्यांच्या शर्यतीची सायकल, असंही धरून चालू नका. ते १९४९ पासून लागोपाठ तीन वर्षं आणि मग १९५४ मध्ये व्यावसायिक स्प्रिंटचे जगज्जेते होते, आणि रॅलेने त्यांचं नाव दुकानातल्या कितीतरी साध्या मॉडेलांवर झळकवलं.

९. विकत घेण्याआधी फ्रेम वाकलेली नाही हे कसं तपासू?

डोळे मिटून, बोटांनी. हेड ट्यूबच्या (चिमट्याचा दांडा जिच्यात फिरतो त्या पुढच्या नळीच्या) लगेच मागे, वरच्या दांडीच्या आणि खालच्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. बारीकशी सुरकुती किंवा फुगवटा लागला, रंगाला आडवी भेग दिसली, तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे. मग बाजूने बघा: चिमट्याचा वरचा सरळ भाग हेड ट्यूबच्या रेषेतच खाली उतरला पाहिजे, मागे दबलेला नको.

मागच्या बाजूसाठी दोरा पुरतो. एका फोर्कएंडपासून दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या फोर्कएंडला ताणून बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर किंमत पाडून मागा किंवा नमस्कार करून निघा.

१०. नवा रंग द्यावा का? पावडर कोटिंग स्वस्त पडतं.

मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी माझं उत्तर नाही असंच आहे. भट्टीतला जुना मुलामा, लगच्या कडेने हाताने ओढलेली सोनेरी रेघ, चंदेरी थरावर चढवलेला पारदर्शक लाल किंवा निळा ‘फ्लॅम्बॉयंट’ रंग, यातलं काहीही पुन्हा तसंच होत नाही. आणि सायकल कोणाची याचा अर्धा पुरावा त्या रंगात असतो. उघड्या पडलेल्या पोलादावर तेलाचं किंवा मेणाचं बोट फिरवा, बास.

रंग खरंच गेलेला असेल, किंवा वर ऑइलपेंट असेल, तर मग देऊ शकता. पावडर कोटिंगच्या भट्टीतली उष्णता जोडांना काही करत नाही, साधारण २०० अंशांवर पितळ वितळत नाही. अडचण थराच्या जाडीची आहे: कानशीने पातळ केलेल्या कडा बुजतात, नंबर भरून जातो. सँड ब्लास्टिंग करणारा गेट आणि ग्रिलच्या कामाचा असेल तर त्याच्या हातात अर्ध्या मिलिमीटर पत्र्याच्या नळ्या देऊ नका. बारीक मण्यांचं हलकं ब्लास्टिंग किंवा रासायनिक स्ट्रिपर बरा. आटे आणि बीबीचं तोंड बंद करून द्यायला सांगा, नाहीतर नंतर टॅप फिरवत बसावं लागतं. नंबराचा फोटो आणि पेन्सिलीचा ठसा आधी घेऊन ठेवा.

११. गंज कसा काढू?

क्रोमवरचा गंज पाण्यात बुडवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने निघतो, ओरखडेही पडत नाहीत. सुट्या पोलादी भागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण चालतं. फरशी साफ करायला विकतात तेच. ते विषारी आहे, हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवून लगेच तेल लावा. ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा आणि चामडं त्यात बुडवू नका.

आतल्या गंजाकडे कुणी बघत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात तोच फ्रेम खातो. सीटपिन काढून फ्रेम उलटी ठेवा, पाणी निथळू द्या, आत तेलाचा फवारा मारून चारी बाजूंनी कलती करा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हे दरवर्षी करावं.

१२. कॉटर पिन (क्रँक आसावर घट्ट धरणारी पाचरीसारखी पिन) हलत नाही. हातोडा किती जोरात मारू?

जोराआधी टेकू. नट सैल करून पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच ठेवा, म्हणजे आटे चेपत नाहीत. गंजतेल सोडून एक रात्र जाऊ द्या. मग पिनचं डोकं आत मावेल असा लोखंडी पाइपचा तुकडा क्रँकच्या खाली उभा धरा, दुसरं टोक फरशीवर भक्कम टेकवा, आणि जड हातोड्याचा एकच सरळ घाव. टेकू नसताना मारलेला प्रत्येक घाव छर्ऱ्यांमधून बीबीच्या वाटीवर जातो आणि तिथे खळगे पडतात. टुकटुक करत बसलं की पिन वाकते आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. कॉटर प्रेस मिळाला तर उत्तमच.

नवीन पिन जुन्याच्या जाडीची घ्या. ब्रिटिश पिना बहुधा ९.५ मिमीच्या असतात, युरोपातल्या काही ९ च्या. सपाट बाजू थोडी थोडी कानशीने घासून बसवा. दोन्ही पिनांची तोंडं एकमेकांच्या उलट दिशेला हवीत, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळा.

तेवढ्यात बीबी उघडलीच असेल तर पाव इंची सुटे छर्रे एका बाजूला ११ असतात. मागच्या हबमध्ये तेच छर्रे प्रत्येकी ९, पुढे ३/१६ चे प्रत्येकी १०. छर्रे बदलायला पैसे लागत नाहीत म्हटलं तरी चालेल; जुने परत घालू नका.

१३. १३ चा पाना जात नाही, १४ चा गरगर फिरतो. नट कसले आहेत?

व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाचे. सायकलवर मुख्यतः ३/१६ आणि १/४ व्हिटवर्थचे पाने लागतात. जुन्या बाजारात जुन्या मोटारींच्या पान्यांच्या ढिगात हमखास मिळतात. स्क्रू पान्याने नटाचे कोपरे मारू नका.

आट्यांचंही बघा. सर्वसाधारण ब्रिटिश बीबीला इंचाला २४ आटे आणि चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. नॉटिंगहॅमच्या रॅले घराण्यातल्या सायकलींना मात्र बीबीला आणि हेडसेटला (हँडल ज्या छर्ऱ्यांवर वळतं त्या वाट्यांना) इंचाला २६ आटे असतात. २४ चा कप २६ मध्ये दोन फेरे सहज जातो आणि मग अडकतो. तिथे ताकद लावली की बीबी गेली. आटे मोजायचा गेज स्वस्त असतो. चेटर-लीची आणखी वेगळीच मापं होती. त्या भागांचे जुने कप जिवापाड जपा.

१४. टायर कुठला घ्यायचा? ‘२६ इंची’ आणला तर बसत नाही.

इंचांकडे दुर्लक्ष करा, रिमचा मिलिमीटरमधला व्यास बघा. आपल्या रोडस्टरचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५. लाइटवेटचा २७ × १ १/४ म्हणजे ६३०. आपल्याकडे सर्रास मिळणारा २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, पण रॅलेच्या जुन्या लेंटन आणि क्लबमनवरचा २६ × १ १/४ म्हणजे ५९७. सात मिलिमीटर ताणून टायर बसत नाही, कितीही साबण लावला तरी. ५९७ चे टायर बाहेरून मागवावे लागतात.

२७ च्या जागी आधुनिक ७००सी (६२२) चाक घालता येतं. ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली आणावे लागतात, तेवढी जागा ब्रेकच्या खाचेत आहे का ते आधी मोजा. मूळ चाकं फेकू नका. पोलादी रिम असेल तर पावसात ब्रेक लागतो ही कल्पना सोडून द्या आणि सावकाश चालवा.

१५. स्टर्मी-आर्चर गिअर मधेच सुटतो आणि पाय हवेत फिरतो. हब बाद झाला का?

बहुतेक फक्त केबल सैल आहे. एडब्ल्यू हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक रिकामी जागा आहे, तिथे काहीच पकडत नाही. उभं राहून जोर लावताना ती लागली तर माणूस दांडीवर आपटतो, म्हणून हे आधी दुरुस्त करा. गिअर दुसऱ्यावर ठेवा, उजव्या नटाच्या भोकातून बघा: साखळीच्या दांडीचा खांदा ॲक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट आला पाहिजे. तसा येईपर्यंत केबलचा आटा फिरवा. तरीही सुटत असेल तर हब उघडायची वेळ झाली.

आत पातळ मशीन ऑइल दर महिन्याला दोन-चार थेंब. ग्रीस भरलं तर आतल्या बारीक खिट्या चिकटून बसतात. स्टर्मीच्या ॲक्सलचे आटे १३/३२ इंची असतात, साधा सायकलचा नट त्यावर चढवू नका.

१६. ब्रुक्सची चामड्याची सीट कडक झाली आहे. तेल पाजू का?

नको. तेलाने चामडं सैल पडून झोळी होते. खालच्या अंगाला मेणयुक्त चामड्याचं मलम बेताने चोळा, एक रात्र ठेवा, पुसा. पुढचा ताणाचा नट सारखा आवळायची सवय वाईट. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या ब्रशने झाडा, सावलीत वाळवा. बंद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली तर बुरशी वाढतेच.

१७. ॲल्युमिनियमची सीटपिन फ्रेममध्ये जाम आहे.

क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढा, गंजतेल वरून आणि फ्रेम उलटी करून बीबीकडूनही सोडा, आठवडाभर रोज. अमोनियाच्या पाण्यानेही ॲल्युमिनियमचा गंज सुटतो, उघड्यावर करा. मग पिन शिकंज्यात धरून फ्रेम फिरवायची. पिन ओढायची नाही, वळवायची. फ्रेम पिरगळते आहे असं वाटलं की थांबा. पिन कापून करवतीच्या पात्याने आतून उभा काप घेणं हा पुढचा उपाय, त्याला दोन दुपारी लागतात पण फ्रेम वाचते. कॉस्टिक सोड्याने पिन विरघळवतात हे खरं आहे. डोळे आणि कातडी भाजतात हेही खरं आहे. घरी करू नका.

१८. लगजवळ तडा गेला आहे. गल्लीतला वेल्डर करून देईन म्हणतो.

त्याला चहा पाजा आणि फ्रेम घरी आणा. ५३१ ला विजेचं वेल्डिंग केलं की जोडाशेजारची नळी ठिसूळ होते आणि पुढचा तडा तिथेच जातो. ही नळी पितळाने किंवा चांदीच्या डाकेने झाळायची असते, गॅसच्या मंद ज्योतीवर. हाताने फ्रेम बांधणारा किंवा जुनं झाळकाम येणारा कारागीर शोधा. लगच्या आत तडा असेल तर नळीच बदलावी लागते. चिमट्याच्या दांड्याला तडा असेल तर दुरुस्तीचा विषय नाही, दुसरा चिमटा घ्या.

मागच्या दोन फोर्कएंडमधली रुंदी वाढवून नवं चाक बसवायचं असेल तर पोलादी फ्रेम ११४ वरून १२० मिमीला सावकाश उघडते, पण दोन्ही बाजू सारख्या उघडल्या का ते दोऱ्याने (प्रश्न ९) पाहा आणि फोर्कएंड पुन्हा समांतर करून घ्या. १३० पर्यंत ताणायचा हट्ट जुन्या फ्रेमवर करू नये.

१९. बीबीखाली दोन नंबर आहेत: एक नीट ठोकलेला, दुसरा वेडावाकडा, अक्षरं-आकडे मिसळलेला. खरा कुठला?

नीट रांगेत असलेला बिल्डरचा. वेडावाकडा बहुतेक मालकाचा पोस्टकोड आणि घर नंबर. चोरी झाली तर ओळखता यावी म्हणून इंग्लंडमध्ये असे ठसे ठोकून घ्यायची पद्धत होती. फ्रेम नंबर म्हणून तो क्लबला पाठवलात तर काहीच जुळणार नाही.

चिमट्यावरचा नंबर वेगळा निघाला तर चिमटा नंतरचा आहे. आधीचा अपघातात गेला असेल, म्हणून प्रश्न ९ ची तपासणी परत करा. नंबर कुठेच नसेल तर तो रंगाखाली, पितळाखाली किंवा कानशीखाली गेलेला असू शकतो, किंवा बिल्डरने कधी ठोकलाच नसेल. अशा बेनामी फ्रेमवर पोस्टकोड असेल तर त्या भागातल्या जुन्या बिल्डरांची नावं आधी तपासा. क्लबची माणसं फ्रेम बहुधा जवळच्याच दुकानातून मापाची करून घेत असत.